हुबेहूब

“दार बंद होत आहे. कृपया दारापासून दूर उभे राहा,” मी म्हणाले. म्हणजे मी नाही, लिफ्ट म्हणाली. पण आवाज माझाच होता. भिंगरी पोटात होती तेव्हा गाद्या ठोकलेल्या रेकॉर्डिंगच्या एका कोंदट खोलीत उभं राहून मी मजल्यांची नावं घेतली होती आणि काचेपलीकडचा माणूस पुन्हापुन्हा सांगत होता, “बाई, हसू नका, पण हसरं बोला.” ते मजले पुढे कुठल्या इमारतींत गेले याची मी कधी चौकशी केली नाही. आज ते या दवाखान्यात भेटले. चाकांच्या खाटेवर माझी आठ वर्षांची मुलगी आडवी होती, तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती, नवऱ्याने तिची एकच चप्पल छातीशी धरली होती, आणि वरून माझा आवाज मोठ्या मजेत सांगत होता की आपण वर जात आहोत. त्या बाईच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं.

भिंगरीचे डोळे उघडे होते. मी खाटेच्या उजव्या अंगाला उभी होते, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी वाकले, हाक मारली, गाल चोळला, तरी डोळे डावीकडे भिंतीला लागलेले. रुसली आहे, असं मला वाटलं. खरंच वाटलं. आईच्या डोक्यात अशा वेळी काय येईल सांगता येत नाही. सोबतची डॉक्टरीणबाई म्हणाली, “तुम्ही डावीकडे या. त्या बाजूचं तिला दिसतंय.” मी खाटेला वळसा घालून डावीकडे गेले तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली, थांबली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं, कारण रुसायला कारण होतं. सकाळी मी तिला म्हणाले होते, “नीट बोल, नाहीतर बोलूच नकोस.” त्यानंतर ती बोलली नव्हती.

हे कळायला अप्पा कळायला हवेत. अप्पा म्हणजे माझे वडील. भिंगरी शाळेत जायला लागली त्या वर्षी त्यांना झटका आला, उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, आणि एवढ्या मोठ्या भाषेतून त्यांच्या हाती एकच शब्द उरला: बादली. बादलीच का, ते कोणाला ठाऊक नाही. झटका आला तेव्हा ते नळाखाली बादली लावत होते असंही नाही, खुर्चीत बसून पेपर वाचत होते. चहा हवा, बादली. पंखा बंद कर, बादली. मला हाक मारायची, बादली. याच माणसाने लहानपणी मला समोर बसवून रोज मोठ्याने वाचायला लावलं होतं, “शब्द गिळू नकोस, ते अन्न नव्हे,” असं म्हणत शेवटच्या अक्षरापर्यंत माझी जीभ घासूनपुसून घेतली होती. त्यांच्याच जिवावर मी आवाजाची भाकरी खाते. मला त्यांची बादली सहन झाली नाही, हे सरळच सांगते. त्यांनी तोंड उघडलं की मी त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचे. चहा ना? पंखा ना? उशी ना? बहुतेक वेळा चुकायचे. मग ते मान खाली घालून नको असलेला चहा पिऊन टाकायचे, आणि मी कप विसळताना स्वतःला समजवायचे की आज कसं झटकन कळलं.

भिंगरीने मात्र ती भाषा बघता बघता उचलली. शब्द एकच असला तरी चाल वेगळी असते, हे तिने शोधून काढलं. शेवट वर नेला की प्रश्न, ‘बा’ लांबवला की भूक, दोनदा झटक्यात म्हटलं की कोणाची तरी टवाळी, बहुधा माझी. दोघं तास तास गप्पा मारायची. “बादली?” “बाऽदली.” “बादली बादली!” आणि मग खो खो हसणं. पण तोंड वाकडं केल्याशिवाय ही भाषा येतच नाही असं तिचं ठाम मत होतं. ओठाचा उजवा कोपरा खाली सोडायचा, उजवा हात पोटाशी लोंबता ठेवायचा, मान जराशी कलती. नवरा कौतुकाने बघायचा. माझं डोकं फिरायचं. पांगळ्याचं सोंग घेऊ नये, अंगाला चिकटतं, असं मी म्हणायचे. हे माझ्या आईचं वाक्य. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण चिडले की माझ्या तोंडून आईच बोलते.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, ते उघडत असल्याचं मी सगळ्यांना सांगितलं, आणि आम्ही एका लांब, गार वऱ्हांड्यात आलो. डॉक्टरीणबाई चालता चालताच बोलत होती. बुटकी, पायात रबरी चपला, केस टोपीत कोंबलेले. भिंगरीचं हृदय गेल्या महिन्यातल्या तापापासून अशक्त झालं असावं, नीट आवळत नाही, त्यामुळे आत रक्त साचलं, गुठळी झाली आणि ती वर मेंदूत जाऊन डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीत अडकली. डावी बाजू म्हणजे उजवा हात, उजवा पाय, आणि बोलणं. बोलणं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. तिला माझा धंदा ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मग ती एका पडद्यापुढे थांबली, त्यावर माझ्या मुलीच्या डोक्याची राखाडी चित्रं होती, आणि तिने विचारलं, “ती शेवटची अगदी नीट कधी होती?”

“नाश्त्याला,” नवरा म्हणाला.

“नाश्त्याला नीट बोलत होती?”

“नाही, म्हणजे... तोंड वाकडं करून बोलत होती. पण ती तशी बोलतेच.”

“कधीपासून?”

“झाली की दोन-तीन वर्षं,” नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईने पडद्यावरची नजर काढली. मी मध्ये पडले, अप्पा, बादली, खेळ, सगळं भराभर ओकून टाकलं. आयुष्यात इतक्या वेगाने मी बोलले नव्हते. ती म्हणाली, “म्हणजे काल रात्रीही ती तशी बोलत होती?” हो, काल रात्रीही. अप्पांच्या पलंगावर बसून पांघरुणात दोघांची बादली बादली चाललेली. “आणि सकाळी उठल्यापासून?” सकाळीही. “मग खेळ कुठे संपला आणि हे कुठे सुरू झालं?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत होती: रात्रीच झालं असेल तर आतला भाग मेलेला असणार, आणि मेलेल्या भागात पुन्हा रक्त सोडलं तर तो फुटून रक्तस्राव होऊ शकतो, मूल हातचं जाऊ शकतं. सकाळी झालं असेल तर वेळ आहे. स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसतोय, पण स्कॅन आणि वेळ जुळली तर गुठळी काढताना तिचा, डॉक्टरीणबाईचा, हात धीटपणे चालेल. “आठवा,” ती म्हणाली.

नवरा भिंतीला टेकला. “मी टाळी वाजवली,” तो म्हणाला. “ती खुर्चीवरून घसरली तेव्हा मी टाळी वाजवली.” त्याचं खरं होतं. मी आरशापुढे जीभ सैल करत होते, मला रेकॉर्डिंगला जायचं होतं, कुठल्याशा कंपनीच्या फोनवर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणायचं होतं. मागे भिंगरीचा चमचा पडला. ती म्हणाली, “बादली.” नवरा म्हणाला, “वा! आज तर अगदी हुबेहूब.” मी आरशातूनच म्हणाले ते म्हणाले. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही आमच्या घरातली रोजची म्हण, शाळेच्या वेळी भिंगरीच्या डोक्याशी उभं राहून म्हणायची. तीही म्हणून झाली. मग भिंगरी घसरली, टाळी वाजली, आणि फरशीवर ओल पसरत गेली. सोंगासाठी भिंगरीने काहीही केलं असतं, पण चड्डी ओली केली नसती. ती फार मानी आहे.

आठवा, म्हणे. मी डोळे मिटले. सकाळचं घर आवाजांनी शोधू लागले, दुसरं मला येतं काय. दूध उतू गेलं तो फसफसाट. भिंगरीची “बादली?”, शेवट वर गेलेली. अप्पांचं हसणं, घशातून घोगरं येणारं. मग नळ, मग नवऱ्याच्या पेपराची सळसळ, मग चमचा, “बादली”, सपाट, शेवट ना वर ना खाली. आणि लगेच अप्पांचा कप. अप्पांनी डाव्या हाताने कप टेबलावर आपटला होता, पुन्हा आपटला होता, “बादली! बादली! बादली!” कान फुटतील असं ओरडले होते, आणि मी आरशातून म्हणाले होते, “दोघंही जरा गप्प बसा.” दोघंही. अप्पांना कळलं होतं. त्या ‘बादली’ला चाल नव्हती हे त्या भाषेच्या माणसाला तत्काळ कळलं, आणि त्याने घसा फोडून सांगितलं, आणि मी त्याचंही वाक्य नेहमीप्रमाणे पुरं करून टाकलं.

“दूध उतू गेलं तेव्हा खेळ होता,” मी म्हणाले. “तेव्हा माझे वडील हसले. चमचा पडला तेव्हा ते हसले नाहीत. त्या दोन्हींच्या मध्ये कधीतरी.”

“नक्की?”

“माझी चूक होईल. त्यांची होणार नाही.”

दूध उतू गेलं ती वेळ नवऱ्याला ठाऊक होती, कारण त्यावरून आमचं वाजलं होतं. डॉक्टरीणबाईने पडद्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि मग जे सांगायचं ते सरळ सांगितलं. जांघेतल्या धमनीतून एक नळी वर न्यायची, तिच्यातून आणखी बारीक नळी, तिच्यातून एक जाळी. जाळी गुठळीत उघडायची, गुठळी तिच्यात रुतली की सगळं मिळून हळूहळू मागे ओढायचं. “मोठ्या माणसांचं हे मी रोज करते. मुलांचं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. ही हत्यारं मोठ्यांसाठी बनवलेली आहेत, मुलांसाठी वेगळी कोणी बनवत नाही. धमनी आखडू शकते, फाटूही शकते. काही केलं नाही तर बोलणं आणि हात, दोन्ही जातील असं मला वाटतं.” नवरा माझ्याकडे बघायला लागला. घरातली बोलणारी मी. हो म्हणायचं होतं, एवढंच अक्षर, आणि ते येईना. मी मान डोलावली. “तोंडाने सांगा,” ती म्हणाली. मी म्हणाले. इतकं गिळलेलं, इतकं चिरकं ‘हो’ कुठल्याही काचेपलीकडच्या माणसाने पुन्हा म्हणायला लावलं असतं. तिला पुरलं. दार उघडलं, खाट आत गेली, भिंगरीची नजर डावीकडे लागलेली तशीच गेली.

अप्पा घरी एकटे होते, शेजारणीला हाक मारून आलो होतो तेवढंच, म्हणून नवरा त्यांना आणायला गेला. खरं तर त्याला टाळी वाजवलेले हात कुठेतरी न्यायचे होते. मी वऱ्हांड्यात बाकावर बसले. बाक प्लास्टिकचा, समोर दार, दारावर लाल दिवा, आणि लिफ्टमध्ये मी. दर थोड्या वेळाने वर येत होते, मजला सांगत होते, हसरी. आत माझ्या मुलीच्या जांघेतून एक तार पोटातून, काळजापाशी वळून, मानेतून डोक्यात चालली होती, आणि मी तिच्याबरोबर चालले होते. तिच्या मानेवर जन्मखूण आहे, तिथून गेली असेल. कानामागे ती अजून मला साबण लावू देते, तिथून गेली असेल. डॉक्टरीणबाई म्हणाली त्या धमनीपाशी काय असेल? पहिला शब्द तिथेच असेल का? भिंगरीचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘नको’ होता. मग अप्पांनी तिला शिकवलेले शब्द, उच्चार माझ्यासारखेच घासलेले, मग झटका, मग बादली. आखडलेली धमनी, फाटलेली धमनी. मी बाकाच्या कडेला नखांनी ओरबाडत होते. सोंग अंगाला चिकटतं, आई म्हणाली. गप्प बस, मी आईला म्हणाले, मोठ्याने म्हणाले असणार, कारण समोरून जाणारा सफाईवाला दचकून बाजूला झाला.

दार उघडलं. मी उठले, पण आतून फक्त सिस्टर आली. “पहिल्यांदा ओढलं, जाळी रिकामी आली,” ती म्हणाली. “धमनी आखडलीय. औषध दिलंय, जरा थांबतोय, मग पुन्हा.” पुन्हा किती वेळा, मी विचारलं. “त्या बघतील,” ती म्हणाली, “फार वेळा नाही करता येत,” आणि गेली. मी उभीच राहिले. मला बसता येईना. बसले तर मी हे मान्य केलं असं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

“तिसरा मजला. दार उघडत आहे,” मी म्हणाले, आणि मीच उघडलेल्या दारातून नवऱ्याने अप्पांना चाकांच्या खुर्चीवर बाहेर आणलं. अप्पांची मान कलती होती, कान लिफ्टकडे. त्यांनी ओळखलं होतं. माझा आवाज कुठेही लागला की ते असे मान कलती करून ऐकतात, शेवटची अक्षरं नीट पडली का ते. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बादली?” ते म्हणाले.

माझ्या ओठावर आलं होतं, पाणी ना? तहान लागली ना? मी ते गिळलं. आज शब्द गिळले ते बरं केलं. शेवट वर गेला होता, म्हणजे प्रश्न. कुठला प्रश्न ते मला कळत होतं, तीन वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. “आत आहे, अप्पा. गुठळी काढतायत. एकदा नाही निघाली.” मग म्हणाले, “तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही.” अप्पांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, जोरात, दुखेल इतकं. नवरा जिन्याकडे तोंड करून रडत होता. आम्ही तिघं तशीच राहिलो, कोणी कोणाला धीर दिला नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आधी ते नुसतं वाक्य होतं, मी ते अनेकदा छान म्हटलेलं आहे.

डॉक्टरीणबाई आली तेव्हा तिच्या टोपीखालचं कपाळ घामाने निथळत होतं. तिच्या हातात गॉजचा तुकडा होता, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काळपट लाल काहीतरी. “निघाली,” ती म्हणाली. नवरा पुढे वाकून म्हणाला, “एवढीशी?” ती हसली, मग हसणं आवरलं. “रक्त चालू झालंय. पण काय परत आलं, काय गेलं, ते ती उठल्यावरच कळेल. आज कळेल तेही पूर्ण नसेल. घशात नळी होती, आवाज बसलेला असेल. लगेच घाबरू नका.” लगेच घाबरू नका, हे वाक्यही कोणीतरी मला कधी रेकॉर्ड करायला सांगेल.

आम्हाला आत सोडलं तेव्हा पडद्यांतून दुपारचं ऊन येत होतं. भिंगरी पलंगावर, नाकाखाली नळी, पाय सरळ ठेवलेला, हलवायचा नाही म्हणून बांधलेला. डॉक्टरीणबाईने तिचा उजवा हात उचलून सोडला. हात पडला, पण दगडासारखा नाही, जरा विचार करून. “नाव काय तुझं?” भिंगरीने डोळे उघडले. “नाव सांग बाळा.” काही नाही. “ही कोण?” तिने माझ्याकडे पाहिलं. मी उजवीकडे उभी होते. मी उजवीकडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. पण ओठ मिटलेले, आणि उजवा कोपरा खाली. डॉक्टरीणबाईने सिस्टरकडे पाहिलं, आणि तो दृष्टिक्षेप मला नको होता. नवरा म्हणाला, “बोल ना गं, भिंगरे.” मी त्याचा हात दाबला. बोल, असं आज तिला कोणी म्हणायचं नव्हतं. निदान आमच्या घरातल्या माणसाने नव्हतं.

खुर्चीतले अप्पा माझ्या पाठीला डाव्या हाताने ढोसत होते. आधी मला कळलं नाही. मग कळलं. मी पलंगावर वाकले, सिस्टर, डॉक्टरीणबाई, नवरा, सगळ्यांच्या देखत ओठाचा उजवा कोपरा खाली सोडला, मान कलती केली, उजवा हात पोटाशी लोंबता ठेवला. मला ते जमत नव्हतं. चेहऱ्याचा एकेक स्नायू सरळ राहायला शिकलेला. “बादली?” मी म्हणाले. स्वच्छ, सुस्पष्ट, प्रत्येक अक्षर वेगळं.

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले, आणि आतून खरखरीत, ओढत ओढत, एकेक अक्षर उचलून आणल्यासारखा आवाज आला.

“त... सं... नाही.”

मागे अप्पा हसले, घशातून, घोगरं. तिचा ओठ झटक्यामुळे अजून तसा होता की तिने मला दाखवायला केला होता, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. “मग कसं?” मी म्हणाले, आणि पुन्हा तोंड वाकडं केलं.